जिथं तुडतुडे बसत नव्हते

अक्का कपाशीचं पान उलटायची आणि वरच्या ओठाला लावायची. डोळे मिटून क्षणभर थांबायची, मग सांगायची, "लव दाट शे. लिही ले." अमळनेरजवळच्या आमच्या संशोधन प्रक्षेत्रावर ती रोजंदारीनं तुडतुडे मोजायला होती. पानाखाली बसून रस शोषणारे, तिरपे पळणारे हे हिरवट किडे. पानावर लव दाट असली की त्यांची सोंड शिरेपर्यंत नीट पोचत नाही. आणि ही लव वाणाच्या जनुकांतूनच येते. मी तेव्हा नवी होते, भिंगाखाली लव मोजायची. माझा आकडा अक्काशी जुळला नाही, तर पुन्हा मोजायची. "हातले घट्टे पडनात, ताई," ती म्हणायची. "ओठ खोटं बोलत नही."

प्रक्षेत्रावर दर ओळीत वेगळा वाण होता. एकदा ती अकराव्या ओळीपाशी थबकली. "पान गुळगुळीत शे. पन आठे या ओळवर कोनी बसत नही."

दोन्ही बाजूंची पानं पिवळी पडून वाटीसारखी वळली होती. ही ओळ हिरवीगार. फांदी हलवली, काहीच उडालं नाही. पान उलटलं तर चार तुडतुडे, सोंड रोवलेल्या स्थितीतच वाळून गेलेले. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला.

मी तिला समजावलं, की काही झाडांत असं जनुक असतं; किड्याची लाळ आत शिरली की झाड ती ओळखतं आणि रसाच्या नळ्या बुजवतं.

"म्हंजे त्याले समजस, कोन उनं ते?"

"तसं नाही अक्का. कोण आलं हे रसायनं ओळखतात."

चार दिवसांनी तिनं मला हाक मारली. बाराव्या ओळीतली लगतची झाडंही रिकामी होऊ लागली होती. "त्यानी यासले सांगी दिधं," ती हळूच म्हणाली. जखमी झाडाच्या वासानं शेजारची सावध होतात, हे मी वाचलेलं होतं. तिथं उभं राहून ते सांगवेना. त्यानंतर अक्का त्या ओळीतून जाताना पदर आवरून घ्यायची.

हंगामाअखेर अकराव्या ओळीच्या झाडांना जेमतेम पाच-सहा बोंडं. सगळं बळ लढण्यातच गेलेलं. प्रक्षेत्राच्या साहेबांनी ओळ रद्द केली, बीही ठेवलं नाही. साहेबांपुढे कधी तोंड न उघडणारी अक्का त्या दिवशी बोलली. "साहेब, ज्यानं भ्याव वाटस, त्याले फेकू नही." साहेब हसले. मी काहीच बोलले नाही, त्याची लाज अजून वाटते.

पुढच्या वर्षी तुडतुडे असे आले, की दाट लवेचे वाणसुद्धा लाल पडले. अक्का तोवर काम सोडून भडगावला मुलाकडे गेली होती. त्या ओळीचं थोडं बी तिनं ठेवलं असेल, या आशेनं मी एसटीनं तिथं गेले. तिनं काही न विचारता माळ्यावरून राखेत घोळलेली मूठभर सरकी काढली. "चोरी कयी मी," एवढंच म्हणाली.

त्या सरकीचा आम्ही भरघोस बोंडांच्या वाणाशी संकर केला. तिसऱ्या पिढीत एक ओळ अशी निघाली, की तुडतुडे बसेनात आणि बोंडंही लगडली. मी लगेच फोन केला. अक्का अंथरुणाला खिळली होती; सुनेनं फोन तिच्या कानाशी धरला. ते आमचं शेवटचं बोलणं.

बोंडांचं बाजूला ठेवून तिनं विचारलं, "तू त्या ओळमा जास तवय झाडले काय सांगस?"

"काही नाही, अक्का."

"सांगत जाय, ताई. त्याले कसं कळी, तू रस पेवाले नही उनी म्हनीन?"