बी-ट्वेल्व्ह तोंडपाठ असलेले काका

सांडलेल्या चहात बोट बुडवून काका टेबलावर बी-ट्वेल्व्हचा रेणू काढायचे. "आधी मधलो बसव गो," म्हणायचे. मधला म्हणजे कोबाल्टचा अणू. त्याच्या चार बाजूंना चार नायट्रोजन, त्यांना धरून मोठं कडं आणि खाली लोंबणारी लांबलचक शेपटी. शेपटी निघेपर्यंत कडं वाळलेलं असायचं. मग पुन्हा बोट चहात. चहा कोरा, कारण दूध त्यांना कधी सोसलंच नाही.

साकीनाक्याच्या एका गाळ्यात आमची व्हिटॅमिनच्या गोळ्या तपासायची लॅब होती. पहिल्याच दिवशी मी बी-ट्वेल्व्हचं लाल द्रावण खिडकीत ठेवलं. काका धावत आले. "उजेडात मरता ता," म्हणाले आणि बाटलीवर स्वतःचा अ‍ॅप्रन टाकला. रागावले नाहीत.

सगळे ज्याची थट्टा करतात आणि अडलं की ज्याच्याकडेच जातात, असा एक माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. आमच्याकडे ते काका होते.

काकू गेल्या आणि काकांनी मासे सोडले. गेलेल्या माणसासाठी आवडीचं काहीतरी सोडायची त्यांच्या घरी पद्धत होती. बहुतेक जण कारलं सोडून मोकळे होतात. काकांनी मासे, मटण, अंडी, सगळंच सोडलं. आम्ही मुद्दाम त्यांच्यासमोर कोळंबीचा डबा उघडायचो. ते नुसते हसायचे. "तिच्या हातचा नाय, मगे कित्याक?"

तीन-चार वर्षं अशीच गेली. एकदा जिन्यात त्यांची चप्पल पायातून सुटली आणि ते एका अनवाणी पायाने तसेच वर आले. त्यांना पत्ताच नाही. "काका, एक चप्पल देवळात ठेवून आलात काय?" मी विचारलं. सगळे हसले. पुढे हातातून फ्लास्क सुटायला लागले. "वय जाला," काका म्हणाले. आम्हालाही ते पटलं.

बी-ट्वेल्व्ह मिळतं ते दूध, मासे, मटण, अंडी यांतूनच आणि ते कमी पडलं की हातपाय बधिर होतात, हे आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. दूध न पिणारा, मासे सोडलेला माणूस रोज समोर बसत होता, आणि कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्यांच्याही नाही. तपासायची गोळी तोंडात घालायची नाही, ही त्यांचीच शिस्त. मला याची लाज वाटते. रडू मात्र आलं नाही, अजून येत नाही.

एके दिवशी ते लॅबमध्येच पडले, तेव्हा डॉक्टरांनी रक्त तपासलं. इंजेक्शनं सुरू झाली. हात सुधारले. पायांना उशीर झाला होता.

मागच्या महिन्यात मी जोगेश्वरीला त्यांच्या मुलाकडे गेले. काका खुर्चीत होते, पाय पाण्याच्या बादलीत. वाकलं की त्यांचा तोल जायचा. सून पाणी ओतून स्वयंपाकघरात गेली होती.

"बघ गो, पाणी गरम आसा काय?" त्यांनी विचारलं.

मी हात घातला आणि झटकन बाहेर काढला. मग त्यांचे पाय एकेक करून उचलले, टॉवेलवर ठेवले. घोट्यापर्यंत लालबुंद झाले होते. काका पायांकडे बघत नव्हते. आपल्याला किती भाजलंय ते कळावं म्हणून ते माझ्या तोंडाकडे बघत होते.