नागुबाईच्या गळ्यातला पट्टा

ताडकळसच्या नागुबाईला काय झालंय, हे सांगायला गावात जो तो तयार होता. आधी तिच्या बोटांचे सांधे सुजले, दोन्ही हातांचे सारखेच. मग मनगटं. सकाळी उठली की मूठ वळायची नाही, ऊन चढेपर्यंत हात लाकडासारखे. सासू म्हणाली, वात हाय. वात तर वात! बिब्याच्या फुल्या घातल्या, कातडी उतली, फोड आले आणि सूज होती तिथंच राहिली.

तिसऱ्या वर्षी दुखणं मानेत शिरलं. कवटीच्या खाली मागच्या बाजूला असा ठणका लागायचा की डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. खाली वाकली की पाठीतून हातापायांत झिणझिण्या जायच्या आणि हातातली कळशी सुटायची. "मुद्दाम पाडायलीय," सासू म्हणायची. "रोज डोईवर दोन घागरी घे, मान आपोआप सुटंल." घ्या इलाज! दुखत्या मानेवर दोन घागरी! ज्यांना हा इलाज सुचला, त्यांच्याच डोक्यावर एकदा ठेवून बघायला पाहिजे होत्या.

लढाईचे दिवस होते, निजामाचं राज्य. नागुबाईचा भाऊ रामलिंग भेटायला आला, बहिणीचे हात बघितले आणि गाडी जुंपून तिला थेट परभणीच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. डाक्टर हैदराबादकडचे, म्हातारे. त्यांनी बोटं पाहिली, गुडघ्यावर ठोकून पाहिलं, मानेला मात्र अगदी हलक्या हातानं चाचपलं. आणि मग सगळं सांगितलं ते कुणाला? रामलिंगाला! मान हिची, दुखणं हिचं आणि ऐकायला भाऊ. नागुबाईनं बाकड्यावर बसून कान देऊन ऐकलं. बोटांतला आणि मानेतला रोग एकच. हाडं जागेवर धरून ठेवणाऱ्या दोऱ्या त्यानं खाल्ल्यात, मानेतले वरचे दोन मणके सैल झालेत आणि हातापायांची सारी नस त्यांच्यातूनच जाते. गोळीनं ठणका कमी होईल, रोग जाणार नाही. डोक्यावर ओझं बंद. मानेला पट्टा बांधायचा. "और कोई बी गर्दन कू झटका नक्को देना," डाक्टर बोट उगारून म्हणाले. "एक झटके में जान जाती."

रामलिंगानं हे सगळं तिच्या नवऱ्याला, सिद्रामप्पाला सांगितलं. गूळ जोखता जोखता त्यानं हो हो केलं. पट्टा चामड्याचा करायला सांगितलाय म्हणल्यावर मात्र घर पेटलं. लिंगायताच्या घरात, गळ्यात लिंग असताना चामडं? ते नागुबाईलाही पटलं. लिंग तिच्याही गळ्यात होतं. पण चामड्याचा नको, तर मग कशाचा? एवढा विचार करायला एकजणही थांबला नाही. विषय संपला, मंडळी जेवायला बसली. शेवटी तिनंच बुरडाकडून बांबूच्या पातळ कामट्या आणवल्या, जुन्या धोतराच्या घड्यांत बसवल्या आणि सुजल्या बोटांनी महिनाभर टाके घातले. पट्टा बांधला तेव्हा डोकं कुणीतरी खालून धरल्यासारखं वाटलं. गल्ली हसली. हसू दे मेली!

आता हा लिंबाजी. बाजारच्या दिवशी लिंबाखाली बसायचा, आखडलेल्या मानेला झटका द्यायचा, कट्ट आवाज यायचा आणि माणूस हसत उठायचा. सिद्रामप्पाची मान त्यानं अशीच मोकळी केली होती. झालं! सिद्रामप्पा त्याला घेऊनच घरी आला. ओट्यावर चार माणसं तमाशा बघायला जमली.

"पट्टा सोड," सिद्रामप्पा म्हणाला.

"अवो, डाक्टरनं झटका देऊ नका म्हणलंय. मरीन की मी."

"लिंबाजीनं माझी मान काढली, मी मेलो का?"

"तुमची आखडली हुती. माझी सैल हाय."

"लय शहाणी झालीस!"

सासूनं मागून पट्ट्याची गाठ सोडली. नागुबाईला पाटावर बसवायला लिंबाजीनं तिचा हात धरला, आणि तो अंगठ्याशी थांबला.

"ह्ये कधी भाजलं?"

"कुठं भाजलंय?"

भाकरी करताना तव्याला लागलं असावं. फोड फुटून अंगठा लालबुंद झाला होता आणि तिला पत्ता नव्हता. लिंबाजीनं त्याच जागी नख रुतवलं. "दुखायलंय का?"

"तुमी दाबलंय व्हय?"

लिंबाजी हात सोडून उभाच राहिला. "सिद्रामप्पा, मी हिला हात लावणार न्हाई. पाथरीकडं एक बाई अशीच हुती. हाताला काई कळायचं न्हाई. मी मान फिरवली. परत उठली न्हाई ती." एवढं बोलून तो वहाणा घालून निघून गेला.

नागुबाईनं मनात हिशेब केला. म्हणजे एक बाई मारल्यावर ह्याला अक्कल आली! आपण दुसऱ्या निघालो म्हणून जिवंत! तिनं पट्टा उचलला आणि स्वतःच्या हातानं गाठ मारली.

बाहेर सिद्रामप्पा सांगत होता, "लिंबाजी म्हंजे देवमाणूस. त्यानं वळखलं म्हणून वाचली. आपल्याला काय ठावं?" आणि ओट्यावरचे माना डोलवत होते. नागुबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. जन्मात कधी चार माणसांपुढं बोलली नव्हती, ती ओट्यावर आली. मान वळत नव्हती, म्हणून साऱ्या अंगानिशी नवऱ्याकडं वळली.

"ठावं नव्हतं? तीन वरसं झाले मी सांगायले. दादानं सांगितलं, डाक्टरनं सांगितलं. आज त्या मेलेल्या बाईनं सांगितलं तव्हा तुमाला ऐकू आलं. तिचं नाव तरी इचारलं का एकानं?"

कुणीच विचारलं नव्हतं.