तसबिरीतला बर्फ

दुसऱ्या महायुद्धात दादा लढाईवर इटलीत होता तेव्हाची गोष्ट. आता माझी पन्नाशी आली, पण अजून कुणाला सांगितलेली नाही.

घरात वाचता येणारा मी एकटा. सांगलीत हळदीच्या पेठेत कामाला होतो, म्हणून दादाची पत्रं माझ्याकडं यायची. गावी माणला गेलो की वहिनीला वाचून दाखवायचो. त्या हिवाळ्यातल्या पत्रात होतं, बर्फात उभं राहून राहून डाव्या पायाची दोन बोटं गेली. बर्फ पडतोय एवढं वाचलं, बोटांची ओळ मी गाळली. तिला धक्का नको, अशी स्वतःची समजूत घातली. खरं सांगायचं तर, भरतीसाठी त्याला साताऱ्याला मीच नेलं होतं.

चार महिन्यांनी वहिनी घोंगड्या विकायला सांगलीला आली. तसबिरी मढवणाऱ्याच्या दुकानात देवांशेजारी एक जुनं विलायती चित्र होतं. चार घोड्यांची बग्गी बर्फात रुतलेली, माणसं गुडघाभर बर्फात उतरून फावड्यांनी वाट काढतायत.

"ह्योच का बर्फ, भावजी?"

"हां."

मेंढरं राखणारी ती, तिनं आधी घोडे पाहिले. "नाकातनं वाफ निघतीया. जिती हायत." मग माणसांच्या पायांकडं बघत राहिली. "चिखलात लय दीस ऱ्हायलं की मेंढराचं खूर सडत्यात. मानसाचं काय हुतं?"

खोटं सुचेना. सगळं सांगितलं, भरतीचंही.

"आन् चार म्हैनं गप बसला?" ती एवढ्यानं ओरडली की दुकानदाराची हातोडी थांबली. मग तिनं विचारलं, "टाच हाय न्हवं?"

"आहे."

"मग चालत्याल. आन् भरतीला तुमी न्हेलं म्हनता, त्ये काय कोकरू हुतं व्हय, काखंत मारून न्यायला? कागद काढा. मी सांगती तसंच लिवा."

तिनं सांगितलं, मी लिहिलं: डाव्या पायाचं माप धाडा, चांभाराकडनं वहाण करून ठिवती.

उत्तराचं पाकीट मी न फोडताच माणला नेलं आणि तिच्या हातात दिलं. आत कागदावर पाऊल टेकवून पेन्सिलीनं ओढलेली रेघ होती, तीन बोटांभोवती फिरलेली. वाचायचं काही नव्हतंच. वहिनीनं वितीनं माप घेतलं आणि तडक चांभाराकडं निघाली.