चैत्रगौरीपुढचं यकृत

लहानपणी मला माणसाच्या शरीराचा मनस्वी राग होता. बाहेरून कसं सुटसुटीत दिसतं, आणि आत पाहावं तर माळ्यावरची अडगळ. मुलुंडच्या आमच्या शाळेत नववीला शरीरशास्त्र होतं. पेशींचं ऊतक होतं, ऊतकांचा अवयव होतो, इथवर माझी गाडी बरी चालायची. पुढे तो अवयव असतो कुठे आणि करतो काय, असं कुणी विचारलं की वाट लागायची. सहामाहीच्या पेपरात मी फुप्फुसांकडून अन्न पचवून घेतलं होतं आणि मूत्रपिंडांना श्वास घ्यायला लावलं होतं.

वडील फोर्टातल्या एका कचेरीत हेडक्लार्क होते. माझे गुण पाहून त्यांनी जाहीर केलं, की वार्षिक परीक्षेत या विषयात नापास झालीस तर शाळा बंद, घरी बसून आईच्या हाताखाली स्वयंपाक शिकायचा. ते ओरडले असते तर मी फारसं मनावर घेतलं नसतं. पण ते चष्मा पुसत पुसत बोलले, आणि चष्मा पुसताना झालेले निर्णय आमच्या घरात फिरत नसत. मला शाळा सोडायची नव्हती. स्वयंपाकाचा तर मला शरीराहूनही जास्त राग होता.

परीक्षा तोंडावर आली आणि नेमकं त्याच आठवड्यात आईचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू आलं. गौरीपुढची आरास ही आईची खास गोष्ट. आमच्या गल्लीतल्या बायका आंब्याची डाळ खायला येत आणि आरास पाहून नाकं मुरडत घरी जात, म्हणजे आरास झकास झाली असं आई धरून चालायची. त्या दुपारी फळं, भाज्या आणि फराळाचे डबे माझ्यापुढे ठेवून, "नीट मांड गं," असं बजावून आई गजरे आणायला स्टेशनाकडे गेली.

मी एका हातात पुस्तक घेऊन मांडायला बसले. शेवग्याची शेंग उचलली आणि दिसलं, की ही तर श्वासनलिका. तसल्याच कड्या, तसलीच लांबी. मग काय, मला चेवच चढला. कलिंगडाच्या दोन फोडी म्हणजे फुप्फुसं, मध्ये लालसर रामफळाचं हृदय. कैरी हुबेहूब जठर निघाली. भरताचं जांभळं वांगं यकृत झालं, चिंचेचा आकडा स्वादुपिंड झाला आणि दोन काजू मूत्रपिंडं. चकल्या एकीला एक लावून लहान आतडं केलं आणि भोवतीने पडवळाचं मोठं आतडं फिरवलं. पांढऱ्या चादरीवर, गौरीकडे डोकं करून, एक आख्खा माणूस उताणा पसरला होता. आयुष्यात पहिल्यांदा मला तो समजत होता.

आई आली ती दारातच थबकली. हे काय मांडलंयस, असं तिने फार हळू आवाजात विचारलं. मी म्हटलं, पचनसंस्था. शिवाय श्वसनसंस्था. आईच्या चेहऱ्यावर जे आलं ते पुस्तकातल्या कुठल्याच संस्थेत बसणारं नव्हतं. पण आवरायला वेळ कुठे होता? जिन्यावर बांगड्या वाजत होत्या. पहिली बाई आत आली आणि माझ्या आईने, जिला मी तोवर साधी बाई समजत होते, हात जोडून सांगून टाकलं, "यंदा देहच मांडलाय देवीपुढे. तिचाच आहे, तिलाच दाखवायचा."

बायका विरघळल्या. दोघींनी तर वाकून पडवळाला हळदकुंकू वाहिलं. मग शंका सुरू झाल्या. खालच्या मजल्यावरच्या मालवणी काकूंनी खाली बसून विचारलं, "काळीज खंय आसा गो?" मी रामफळ दाखवलं. ते रक्त साऱ्या अंगभर ढकलतं आणि फुप्फुसं त्या रक्ताला प्राणवायू देतात, असंही सांगितलं. पण खरी गर्दी झाली वांग्यापाशी, कारण पित्त तिथे तयार होतं असं मी बोलून गेले. आमच्या गल्लीत पित्त नाही अशी एकही बाई नव्हती. प्रत्येकीने आपापली जळजळ वांग्याला सविस्तर सांगितली. एकीने तर त्याच्याकडे असं पाहिलं, की बिचारं भरतात जायच्या आधीच भाजलं असतं.

एवढ्यात आमच्या शास्त्राच्या बाई आल्या. त्या दोन गल्ल्या सोडून राहायच्या आणि आईने त्यांनाही बोलावलंय हे मला ठाऊक नव्हतं. माझं स्वतःचं रामफळ चांगलंच धडधडू लागलं. त्यांनी वाकून एकेक अवयव न्याहाळला. मग त्यांनी विचारलं, यकृत कुठल्या बाजूला असतं? मी म्हटलं, उजव्या, आणि उजवीकडेच ठेवलंय.

"तुझ्या उजवीकडे," बाई म्हणाल्या. "ज्याचं यकृत, त्याच्या उजवीकडे हवं."

मला काही उमगेना. आपण ताटावर बसतो तेव्हा आपली उजवी ती उजवी, भाजी तिकडे आणि चटणी डावीकडे. मीही तसंच मांडलं होतं. तेवढ्यात आई पन्ह्याचे पेले घेऊन आली. तिने फक्त शेवटचं ऐकलं होतं.

"अगं, देवी समोर बसलीये ना?" ती कडाडली. "नैवेद्याचं ताट कुणाच्या बाजूने वाढतात? तिची उजवी आपल्या डावीकडे येते. एवढी घोडी झालीस तरी सांगावं लागतं?"

बाई आईकडे बघतच राहिल्या आणि मग इतक्या हसल्या, की हातातलं पन्हं हिंदकळलं. शास्त्र आणि सोवळं यांचं वांग्याच्या जागेवर एकमत झालं होतं. दोघींनी मिळून ते पलीकडे सरकवलं, रामफळ देहाच्या डावीकडे जरा कललं, आणि बाईंनी बायकांदेखत माझ्याकडून एकेका अवयवाचं काम वदवून घेतलं. लहान आतडं अन्नातला रस रक्तात शोषतं, असं मी सांगत असतानाच कुणाच्या तरी लेकीने त्यातली एक चकली शोषायला नेली.

वार्षिक परीक्षेत पचनसंस्थेची आकृती आली. मी मनात गौर मांडली आणि काढली. पण बाकीचे प्रश्न मज्जासंस्थेवर होते आणि तिला लागणारी भाजी आमच्याकडे नव्हती. जेमतेम पास झाले. काठावर, पाय पाण्यात.

निकाल वडिलांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला आणि धोतराचा सोगा हातात घेतला. असलं पास होणं काही खरं नव्हे, असं ते म्हणू लागले होते. चौथीतून शाळा सुटलेली माझी आई त्यांच्या कुठल्याच निर्णयात कधी बोलली नव्हती. ती स्वयंपाकघरातून हात पुसत आली, माझ्याकडे बघितलंही नाही, आणि त्यांना म्हणाली, "पास झालीये ना? मग तिला शाळेत जाऊ द्या."

चष्मा तसाच राहिला, पुसायचा. मला आईला मिठी मारावीशी वाटली, पण आमच्या घरात तशी पद्धत नव्हती. वडिलांनी विचारलं, हिला जमेल का पुढचं?

"जमवू आम्ही," आई म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "दहावीला आतलं काय काय आहे ते आजच लिहून दे. भाजीवाल्याला आधी सांगून ठेवावं लागतं."