परातीतलं तेल

एका खोलीत पाच वर्षं काढली की किस्से तेलासारखे आपोआप वर येतात. मालवणच्या आमच्या कॉलेजात, साठच्या दशकात, मी परब सरांचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. सर परातीतल्या पाण्यावर स्निग्ध पदार्थाचा एका रेणूइतका पातळ थर पसरत आणि त्यावर तिरका प्रकाश सोडत. पाण्यात घातलेलं अंड्यातलं प्रोटीन थराला चिकटलं, की परतणारा प्रकाश बदले आणि मीटरचा काटा चढे. निदान चढायला हवा होता!

*

पहिले तीन आठवडे काटा प्रोटीन घालण्याआधीच चढायचा. शेवटी गुन्हेगार सापडला, माझ्या डोक्यावरचं खोबरेल! सरांनी खोलीत तेलबंदी केली. आई भडकली, "टाळू तापली काय सायन्स खंय ऱ्हवतला?"

*

शिपाई गंगाराम परात राखेने लख्ख घासायचा. एकदा मायेने खांद्यावरच्या पंच्याने पुसलीही. त्याच पंच्यात सकाळी बांगडे आणले होते. काटा दिवसभर खाली आला नाही.

*

प्रयोगाला अंड्यातलं फक्त पांढरं लागे. पिवळं गंगारामच्या घरी जाई. वर्षभरात सरांचा एकही निबंध छापून आला नाही, पण गंगारामची पोरं गुटगुटीत झाली.

*

मग मुंबईहून सरांच्या पीएच.डी.च्या गाईडचं पत्र आलं. स्वतः येतो, काटा चढलेला दाखवा, नाहीतर काम बंद. सरांची चार वर्षं पणाला लागली. आम्हा सगळ्यांचीच झोप उडाली.

गाईड आले त्या दिवशी गंगारामचे वडील जानू तांडेल मासळी द्यायला आले होते. होडीवरून समुद्राकडे तिरकं बघून, पाण्यावरच्या तेलकट तवंगावरून तारल्यांचा थवा कुठे आहे ते सांगणारा माणूस. ते दारातच उभे राहिले.

गाईड परातीवर वाकले आणि सकाळभर स्थिर असलेला काटा भरकटला. सर पांढरेफटक पडले. तांडेल पुढे आले, उकिडवे बसले, डोळे पाण्याच्या पातळीला आणले.

"हय तेल पडला," म्हणाले, आणि शांतपणे गाईडच्या चपचपीत भांगाकडे बघत राहिले.

गाईडनी मुकाट्याने डोक्याला टॉवेल गुंडाळला. सरांनी कागदी पट्टीने पाणी निपटून नवा थर पसरला, काटा स्थिर होईतो थांबले आणि खालून प्रोटीन सोडलं. काटा हळूहळू चढू लागला, आणि चढतच राहिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

गाईडनी काट्याकडे पाहिलं, मग तांडेलांकडे. एवढंसं तेल नुसत्या डोळ्यांनी कसं दिसलं, असं त्यांनी विचारलं.

"आमी रोज ह्याच बघतंव, सायबानू," तांडेल म्हणाले. "आमची परात जरा मोठी आसा."