अक्कांनी मागितलेले तीन दिवस

“पुसलं का त्याला?” पंखा अडो की कुलूप, अक्कांचा पहिला प्रश्न हाच. पुसणं म्हणजे विचारणं; पण वस्तूला विचारायचं म्हणजे काय, हे लग्न होऊन तंजावूरकडे आलेल्या मला कळायला वेळ लागला. जवळच्या तिरुवैयारूच्या संगीत शाळेत मी गाणं शिकवायची आणि अक्का तिथलं ऑफिस सांभाळायच्या. पिढ्यान्पिढ्या तंजावूरकडे राहिलेल्या मराठी घरातल्या त्या; घरी बोलायच्या मराठी, लिहायच्या तमिळ. देवनागरी येत नाही याची त्यांना तिळमात्र लाज नव्हती. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल, ज्याला दटावायची कुणाची छाती होत नाही.

ऑफिसातला संगणक जुना. सुरू व्हायला अर्धा तास घ्यायचा, म्हणून तो कधी बंद करत नसू. काम थांबलं की वीस मिनिटांनी आपणच झोपायचा. एका आठवड्यात त्यानं झोपणंच सोडलं. सकाळी यावं तर अंग तापलेलं, पंखा घरघरतोय. मेकॅनिक आला, पाच मिनिटं बघितलं आणि “निकामी” लिहून गेला. शाळेच्या सेक्रेटरींना तेवढंच हवं होतं. सोमवारपासून नवं यंत्र येणार, बाहेरची मंडळी काम बघणार आणि अक्कांनी घरी बसायचं. तसं लिहिलेल्या कागदावर शिक्षकांच्या वतीनं मीही मुकाट्यानं सही केली. आजही हे सांगताना जीभ अडखळते.

“मी जात नाही,” अक्का सेक्रेटरींना म्हणाल्या. “तीन दिवस द्या, सार. तो कशानं निजना, ते दाखवते.”

त्यांनी माउस काढला आणि वीस मिनिटं हाताची घडी घालून समोर बसल्या. मग प्रिंटर काढला. मग इंटरनेटची वायर. प्रत्येकाची वहीत नोंद. सेक्रेटरी दारातून हसले.

“हसा, सार. मजकडे वेळ आहे.”

तिसऱ्या दिवशी त्यांनी खरंच त्याला विचारलं. काळ्या चौकटीत कसलीशी आज्ञा टाइप केली: तुला जागं कोण ठेवतंय? उत्तर आलं, आवाज चालू आहे. खोलीत तर काहीच ऐकू येत नव्हतं.

पडद्याच्या कोपऱ्यातलं बारीक चिन्ह त्यांनी उघडलं आणि मी ते ओळखलं. तंबोऱ्याचा प्रोग्रॅम! संध्याकाळी सगळे गेल्यावर रियाझाला मी तो नुकताच लावू लागले होते. लावलेली श्रुती, म्हणजे तंबोऱ्याचा सूर, हातानं तोडायची नाही, ही माझ्या गुरुजींची शिस्त. म्हणून आवाज शून्यावर आणून मी उठायची. कुणाला ऐकू न येणारा तंबोरा आठवडाभर वाजत होता.

अक्कांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तो बंद केला. वीस मिनिटांनी पडदा काळा झाला, पंखा थांबला. त्यांनी सेक्रेटरींना हाक मारली.

“कोणाचं काम हे?” ते म्हणाले.

“यंत्र बरं आहे. माणसाचं पुसू नका.”

“मग रिपोर्टात दोषी म्हणून तुमचंच नाव लिहीन.”

“सरी, बरं, लिहा. नावाआधीचं इनिशियल विसरू नका.”

तेव्हा कुठे मी पुढे झाले. “चूक माझी आहे. कागदावरची सहीही मी परत घेते.”

“टीचर, तुम्हांस कोणी पुसलं?” अक्का कडाडल्या, आणि मला रडू फुटलं.

कागद रद्द झाला. पुढे सहा वर्षं अक्का त्याच खुर्चीत बसल्या. मग एका शुक्रवारी त्यांनी चाव्या सेक्रेटरींच्या टेबलावर ठेवल्या. “आता कंटाळा आला,” म्हणाल्या. निरोपाचा कार्यक्रम करू, असं ते म्हणेपर्यंत त्या चपला घालून फाटकाबाहेर पोचल्या होत्या. मी धावत मागे गेले.

स्टॉपवर घराकडची पहिली बस आली. गर्दी होती. अक्कांनी ती जाऊ दिली. दुसरीत खिडकीची जागा रिकामी दिसली, तेव्हा सावकाश चढल्या.