ठेंगण्या पायरीची मोटार

धामणगावात एस.टी.ची नवी मोटार आली, आणि पहिल्याच दिवशी माझं तिच्याशी वाकडं झालं. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. जुन्या मोटारीची पायरी एवढी उंच, की बायकांना एका हाताने दांडा आणि दुसऱ्याने लुगडं सावरत चढावं लागे. नवीची पायरी आमच्या ओट्याहूनही ठेंगणी. गावभर तिचंच कौतुक चाललं होतं.

माझं दुखणं निराळं होतं. सासूबाईंचे गुडघे धरलेले. खामगावला धाकट्या दिराकडे जायचं, तर त्यांना मोटारीत चढवायला मी लागे. घरून पाट न्यायचा, पायरीखाली ठेवायचा, मागून रेटा द्यायचा. उतरवायलाही मीच. त्या निमित्ताने वर्षातून दोनदा माझंही खामगाव होई. पण खरं सांगू? खामगावचं मला तेवढं नव्हतं. धाकटी जाऊ सासूबाईंची लाडकी. शिकलेली, गोरी, बोलायला गूळ. शेणात हात मी घालायचे आणि गोडवे तिचे. फक्त मोटारीच्या दारात त्या मला घट्ट धरायच्या. "सोडू नको वं माय," म्हणायच्या. तेवढा एक मान माझा होता, आणि तो जावेला मिळणार नव्हता.

सासूबाई नवी मोटार बघून आल्या आणि म्हणाल्या, "आता तुले कायले तकलीफ? मी एकलीच जाईन."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या निघेपर्यंतच्या दोन दिवसांत मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

वैशाखातली दुपार होती. पिशवी घेऊन मी त्यांना मोटारीपर्यंत पोचवायला गेले. खामगावची पहिलीच फेरी म्हणून मोटारीला झेंडूची माळ घातलेली, दारावर कुंकवाची बोटं ओढलेली, कुणीतरी चाकापुढे नारळ फोडत होतं. सासूबाईंनी ते ठेंगणं दार पाहिलं, आणि देवळाच्या उंबऱ्याशी काढाव्यात तशा चपला काढल्या. पायरीला हात लावून कपाळाला लावला. मग दांडा धरून, माझ्याकडे न बघता, आपल्या आपण आत गेल्या. खिडकीशी बसल्यावर मला हात केला. लहान पोरीसारख्या खुशीत होत्या.

चपला खालीच राहिल्या. बाकीच्यांचं लक्ष खोबऱ्याकडे होतं.

मला दिसल्या होत्या. मोटार हलायच्या आधीच दिसल्या होत्या. एक हाक मारली असती तर कंडक्टरने घंटी दिली असती. मी मारली नाही. म्हटलं, जाऊ दे अनवाणी त्या लाडकीच्या दारात. माझ्यावाचून कसं अडतं, ते कळू दे. मोटार गेल्यावर चपला उचलल्या आणि पदराखाली धरून घरी आले. वाटेत कुणी काही विचारलं नाही, याचं बरंच वाटलं.

आठ दिवसांनी सासूबाई परतल्या. पायात जावेच्या चपला, टाचा बाहेर आलेल्या. खामगावच्या स्टँडावरून दिराचं घर फार लांब नाही, पण दीर कचेरीत, आणि भर दुपारचं डांबर. तळव्यांना फोड येऊन कातडी सोलून निघाली होती. जावेने रोज लोणी चोळलं म्हणे. एवढ्यातही मला तिचा हेवा वाटला, काय सांगावं!

मी घंगाळात कोमट पाणी आणलं आणि त्यांचे पाय धुवायला बसले. हात लावला की त्या ओठ दाबून घेत. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तशी त्यांनी माझी हनुवटी वर केली.

"रडतं काऊन वं? तुनं हाका मारल्याच असतीन. मोटारीच्या घरघरीत मलेच आयकू आलं नाही."

मी मान डोलावून "हाव" म्हणाले.